तिठ्यावरचा सांधा

माझ्या हातून जन्मात एकच मोठं नक्षीकाम झालं, आणि ते आठवलं की अजून मान खाली जाते. लोक म्हणतात, वय झालं की जुन्या चुकांचं हसू येतं. मला नाही येत.

स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली होती. मुंबईत दोन वर्षं चित्रकला शिकून मी पनवेलला परतलो होतो आणि शाळेत ड्रॉइंग मास्तर झालो होतो. अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालेला. गावातल्या एका भातगिरणीच्या शेठनी आईच्या नावाने वाचनालय बांधायला काढलं होतं. मुंबईतल्या इंग्रजी इमारती पाहून त्यांच्या मनाने घेतलं होतं, की दर्शनी भिंतीत तशीच दगडी जाळीची खिडकी हवी. खाली दोन टोकदार कमानी, वर गोल, गोलात चार पाकळ्या, आणि हे सगळं मनगटाएवढ्या दगडी पट्ट्यांचं. "शेठ, चर्चची घंटापण लावणार का?" असं गावात लोक चेष्टेने विचारत. शेठ कुणाला बधणारे नव्हते.

नकाशा मी काढायचा आणि दगड मिस्त्रींनी घडवायचा, असं ठरलं. मिस्त्री पनवेलजवळच्या नेऱ्याकडचे, साठीला टेकलेले पाथरवट. जाती, पाटे, देवळांच्या पायऱ्या करण्यात त्यांचा जन्म गेला होता. शेठनी त्यांना शब्द दिला होता: खिडकी मनासारखी उतरली, तर पुढच्या वर्षी शंकराचं देऊळ बांधायचंय, त्याचं सगळं दगडकाम तुमचं. पायऱ्या पुष्कळ केल्या, एक अख्खं देऊळ आपल्या हातून व्हावं, एवढीच त्यांची इच्छा होती. हे त्यांनीच मला लाजत लाजत सांगितलं होतं.

बंदरावर मचव्यातून पोरबंदरी दगड उतरला. मिस्त्रींनी जमीन चुन्याने सारवली आणि खिळा, सुतळी, कोळसा घेऊन माझी जाळी खऱ्या मापात जमिनीवर आखली. आखून झाल्यावर बराच वेळ उकिडवे बसून बघत राहिले.

"मास्तर, हितं सांदा नको," ते म्हणाले. "तीन पट्ट्या मिळतात तो तिठा हाय. तिठा एका दगडात राहू द्या, सांदा चार बोटं लांब घ्या. नायतर दगडाची टोकं पातळ व्हतील. वजन आलं का उडतील."

कागदावर सांधा नेमका तिठ्यावर आला की रेषा देखण्या दिसत, एवढंच माझं शास्त्र. पण त्यांचे दोन गडी ऐकत होते आणि माघार घ्यायला मला कमीपणा वाटला. मी म्हणालो, "मिस्त्री, जात्याला टाकी लावण्याइतकं हे सोपं नाही." गडी हसले. मिस्त्रीही हसले आणि नकाशाबरहुकूम कामाला लागले.

चार महिन्यांनी जाळी भिंतीत बसली. खालचा लाकडी आधार काढायच्या सकाळी शेठ आले, गिरणीतली माणसं जमली. आधार निघाला. घटकाभर काही झालं नाही. मग गोलाच्या बुडाशी कट्कन आवाज झाला, तिठ्यावरची टोकं उडाली आणि एक पाकळी फरशीवर येऊन फुटली. नशीब, कुणाला लागलं नाही.

शेठनी माझ्याकडे पाहिलं. "मास्तर, हे काय?"

"नकाशा बरोबर आहे," मी म्हणालो. "मिस्त्रीने सांधे भलत्याच जागी घेतले." आणि त्यांच्याकडे वळून म्हणालो, "तुला बजावलं होतं ना?" त्या घटकेपर्यंत मी त्यांना कधी अरे-तुरे केलं नव्हतं.

"मास्तरांनी काढलं तसंच केलंय, शेठ," मिस्त्री एवढंच म्हणाले.

"उद्या नकाशा आणा. बघू," शेठ म्हणाले.

त्याच दुपारी मी दार लावून बसलो, ब्लेडने नकाशावरची सांध्याची रेघ खरवडली आणि नकाशाच्या मापाने चार बोटं लांब नवी मारली. मिस्त्रींनी सांगितली होती तिथेच. रेघ अगदी सफाईने उतरली. त्याची मला आजही किळस येते.

दुसऱ्या दिवशी शेठनी नकाशा पाहिला, मान डोलावली. मग मिस्त्रींनी तो मागून घेतला. त्यांना अक्षरओळख नव्हती. दगडावरून फिरवावं तसं त्यांनी कागदावरून बोट फिरवलं. खरवडलेल्या जागी ते थांबलं, मागे गेलं, पुन्हा तिथेच आलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"कागदालाबी टाकी लावावी लागते वाटतं, मास्तर," ते हळूच म्हणाले.

शेठना काही कळलं नाही. मी नकाशा गुंडाळून घेतला. मिस्त्रींनी तो विषय तिथेच सोडला. अंगठेबहाद्दराचं कोण ऐकणार होतं? त्यांनी मोडलेले तुकडे नव्याने घडवले, तिठा एका दगडात ठेवला, आणि जाळी उभी राहिली. वाचनालय उघडलं त्या दिवशी शाल-नारळ मला मिळाला. मी तो घेतला. देवळाचं काम शेठनी घाटावरच्या कारागिरांना दिलं.

सात-आठ वर्षांनी कळलं, की मिस्त्री नेऱ्याच्या वाटेवर रस्त्यासाठी खडी फोडतात. मी मुद्दाम गेलो. ऐन उन्हात फडकं बांधून ते बसले होते. मला ओळखलं, शेजारचा दगड हाताने झाडून बसायला दिला. पाठ केलेलं सगळं विसरलो.

"मिस्त्री, चूक माझी होती. मी खोटं बोललो."

"मला ठावं हाय." त्यांचा हातोडा चालूच होता. "शेठला सांगितलंत?"

"नाही."

"मंग मला कशाला सांगता?"

परत येताना शेठची गिरणी वाटेतच लागली. शेठ ओट्यावर पेपर वाचत बसले होते. मला पाहून त्यांनी हाक मारली, "या मास्तर, चहा घ्या."

मी चहा घेतला आणि घरी आलो.