लटकलेले बाण

हे मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही: आमच्या शेतकी कचेरीत बाणवाल्या भाईंचं हसं झालं, ते माझ्यामुळं.

जगात जे काही आहे ते गोल आणि बाण, एवढी पक्की श्रद्धा असलेला माणूस अख्ख्या बुलडाणा जिल्ह्यात दुसरा नसेल. बीटी कपाशीवरही बोंडअळी पडली, तेव्हा तक्रारी संगणकात साठवायचं काम आम्हा दोघांकडं होतं. भाईंनी शेतकरी, बियाण्याचं पाकीट, दुकान यांचा एकेक गोल केला आणि मधे बाण जोडले. काही शोधायचं तर छोटं चित्र काढायचं. तसंच चित्र जिथं जिथं सापडेल तिथून संगणक उत्तर आणी. बदल करायचा तर चित्रं दोन. "डावीकडचं दिसलं का उजवीकडच्यावानी कर. बस, खतम!" धाड गावच्या बाजारात सांडलेल्या चहात बोट बुडवून ते हेच काढत. एका लग्नात त्यांनी नवरीचे बाण मांडले, तर तिचा बाप हमसून रडायला लागला. "माह्याकडचा बाण पुसू नका हो!" भाई गडबडले. "पुसत नाही काका, नवा जोडून राह्यलो."

पुसण्याच्या बाबतीत ते फार कडक. "गोल पुसाच्या पयले त्याले लागलेले बाण पाह्य बे. लटकला बाण म्हणजे कोनाचा तरी हात सुटला."

दुसरबीडचं एक दुकान बंद झालं. त्याचा गोल मी पुसायला घेतला. बाण बाकी आहेत म्हणून संगणक अडला. मला एसटी गाठायची होती. लटकतील ते बाणही झाडून टाक, अशी मुभा मी देऊन टाकली. नुकसानीच्या पाहणीची गावं दुकानावरूनच शोधली जात, त्यामुळं त्या दुकानाची पाकिटं घेतलेली माणसं शोधात येईनाशी झाली. भरपाई मिळायची तर कपाशी उपटायच्या आत पाहणी व्हायला हवी होती. ती माणसं कचेरीत आली तेव्हा साहेब भाईंवर उखडले, "ही रांगोळी बंद करा!" भाईंनी एकदा माझ्याकडं पाहिलं. "हाव साहेब," म्हणाले, "चुकलं."

मग खडू घेऊन ते दुसरबीडला गेले, मीही मागोमाग. पारावर गोल काढून घरोघरचे बाण विचारू लागले. एका बाईनं खडूच हिसकला. "पाकीट म्या आनलं, भाऊ. बाण नवऱ्याकडं काऊन?" तिनं स्वतःकडं बाण ओढला. "पाह्य बे, कशी दुरुस्ती केली!" भाई आठवडाभर खूश होते. पाहणी झाली, पण तोवर निम्म्या शिवारात पऱ्हाट्या उपटून झाल्या होत्या.

आता भाई साखरखेर्ड्याला असतात. गेलो की अंगणातल्या धुळीत काडीनं दोन गोल काढतात, मधे बाण. "हा तू, हा मी." त्या दिवसाबद्दल त्यांनी कधी विचारलं नाही.

दुसरबीडच्या पारावर उभं राहून, ते बाण मी पुसले, भाईंनी नाही, एवढं सांगायचं देणं मी भाईंचं अजून लागतो.