मास्क मी काढला

"ऊठ बे म्हाताऱ्या. पोराले बसू दे."

मालक बोलला आन् मी उठलो.

तालुक्याचा सरकारी दवाखाना. पोरायच्या खोलीत, दाराजवळच्या खाटेवर मी नातीले मांडीवर घेऊन बसलो होतो. चार वर्षांची पोरगी. न्यूमोनिया. रडत नव्हती, कण्हत बी नव्हती. श्वास घेतला की बरगडीखाली खड्डा पडे. सिस्टरनं तिचा फ्रॉक वर करून पाह्यलं, मनगटाले लाल पट्टी बांधली, म्हणजे हिले आधी पाहाचं, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क लावला.

"बाबा, डॉक्टर आतल्या लेकराजवळ आहेत. त्याच्यामागं हिचाच नंबर. मास्क हलू देऊ नका."

मंग ती दुसऱ्या पोराकडं वळली.

तेवढ्यात मालक आला. याच्याच वावरात माही सारी जिनगानी गेली. त्याच्या नातवाच्या नाकात हरभरा अडकला होता. पोरगं भोंगा लावून रडत होतं. सिस्टरनं त्याले पाह्यलं, हिरवी पट्टी बांधली, म्हणजे थांबलं तरी चालते, अन् बाकावर बसा म्हणाली. मालकाले बाक दिसला नाही. मी दिसलो.

त्यानं मले हात लावला नाही. ढकललं नाही. मीच पोरीच्या तोंडावरचा मास्क काढला. तिले खांद्यावर टाकलं. आन् वरून म्हटलं, "बसा मालक."

सिस्टर ओरडली, "बाबा! मारता का पोरीले?"

पोरीचे ओठ निळे पडले होते. सिस्टरनं तिले हिसकून घेतलं, मास्क लावला, मालकाच्या नातवाले खाटेवरून उतरवलं. डॉक्टर धावत आले. पोरगी वाचली.

घरी आणलं तिले. म्हातारी जाऊन वर्ष बी झालं नव्हतं. भिंतीवरच्या तिच्या फोटोकडं पाहाची हिंमत झाली नाही. पोरगा-सून पुण्याकडं कामाले. फोनवर सांगितलं, बरी आहे. बाकीचं गिळलं.

मंग नातवाले खाटेवरून उतरवलं या रागात मालकानं सिस्टरची तक्रार केली. हुशार माणूस. सिस्टरचं ध्यान नसते, लाल पट्टीची पोरगी बिना ऑक्सिजनची होती, कोणतं पोरगं आधी अन् कोणतं मागून हे नर्सायच्या हाती देऊ नका, असं लिहून दिलं. जिल्ह्यावरून दोन साहेब तपासायले आले. मले बी बोलावलं.

वऱ्हांड्यात मालक जवळ आला. "मास्क कोणं काढला, आठवत नाही म्हण. बस."

आत साहेब म्हणाले, "बाबा, सिस्टरच्या कामावर समाधानी आहात? हो किंवा नाही, एवढंच सांगा."

सिस्टर भिंतीले लागून उभी, मालक खुर्चीत बसलेला. आठवत नाही म्हटलं असतं तर मी सुटत होतो, ती बुडत होती. आन् तिची लाल-हिरवी पट्टी बंद झाली असती तर ज्याचा आवाज मोठा, त्याचं पोरगं आधी.

"साहेब, हो-नाही राहू द्या. मास्क मी काढला. यानं ऊठ म्हटलं म्हणून. सिस्टर दुसरं लेकरू पाहून राह्यली होती."

"तुम्ही? सख्ख्या नातीचा?"

"हाव."

सारे मले पाहू लागले. मान खाली गेली ती वर होईना.

मालक हसला. "याचं काय ऐकता साहेब? बायको मेल्यापासून असंच बरळते."

"बायको मेली. डोकं नाही मेलं."

"उद्यापासून वावरात पाय ठेवू नको."

"नाही ठेवत."

साहेबानं काय लिहिलं, मले माहीत नाही. सिस्टर जातानी माह्याशी बोलली नाही. ती काऊन बोलीन?

नात आता अंगणात उड्या मारते. तिले काहीच याद नाही. शेजारीण म्हणे, "आजोबा, आता कायले उकरता? पोरगी वाचली ना."

नाही. पोरगी समजती झाली की मीच तिले सांगणार. लोकायच्या तोंडून कळू देणार नाही. तुहा श्वास तुह्या आज्यानं काढून घेतला होता, एका माणसाच्या एका शब्दावर. त्या माणसाचं नाव बी सांगीन.

थुंकली माह्यावर, तर थुंकू दे. सांगणार.