कोरडा पाइप

गल्लीत तिला सगळे चष्मेबाई म्हणतात. लग्नाच्या वयापासून चष्म्याच्या दुकानात नोकरी केल्यावर हे नाव चिकटणारच. मालक गल्ल्यावर बसतो आणि नंबर काढायचं काम तिच्याकडे असतं. मोठमोठी माणसं तिच्यासमोर स्टुलावर बसतात, एक डोळा झाकतात आणि पहिलीतल्या मुलांसारखी चाचरत तक्त्यावरची अक्षरं वाचतात. डोळ्यांबाबत लोक किती खोटं बोलतात, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक नाही. ड्रायव्हर मंडळी बोटांच्या फटीतून चोरून बघतात. लग्न ठरलेल्या मुली दिसत नसताना दिसतंय म्हणतात, आणि शाळेला कंटाळलेली पोरं दिसत असताना दिसत नाही म्हणतात. ती सगळ्यांना पकडते. "मला फसवणारा अजून जन्माला यायचाय," हे ती मालकाला अधूनमधून ऐकवत असे.

घरात ती आणि वडील. आई गेली त्याला बराच काळ झाला, आणि धाकटा भाऊ शहराच्या दुसऱ्या टोकाला संसार थाटून राहतो. वडिलांचं आयुष्य कारखान्यात लेथवर गेलं. घर बैठं, जुनं. मधून एक लांब बोळ, त्याच्या एका टोकाला वडिलांची खोली आणि दुसऱ्या टोकाला न्हाणीघर. पाण्याचे पाइप घर बांधलं तेव्हाचे, लोखंडी. ते भिंतीच्या बाहेरून, कमरेइतक्या उंचीवर, क्लॅम्प ठोकून नेलेले होते.

या पाइपांनी केव्हाच मान टाकली होती. सकाळी नळ सोडला की तो आधी खोकायचा, मग तांबडं पाणी ओकायचा, आणि पांढरा कपडा चुकून त्याखाली गेला की संपलाच. एक जोड दुरुस्त करावा तर शेजारचा गळायला लागे. बोळातून जाताना तिची ओढणी क्लॅम्पात अडकायची, आणि दर वेळी ती पाइपाला दोन शब्द सुनवायची.

शेवटी एक दिवस ती दुकानात असताना स्वयंपाकघरातला जोड सुटला. संध्याकाळी घरी आली तर घरभर पाणी आणि वडील पलंगावर पाय वर घेऊन बसलेले.

"अहो बाबा, मुख्य चावी बंद करायची ना. दाराशेजारीच तर आहे."

"सुचलं नाही," वडील म्हणाले.

आयुष्यभर यंत्रांशी झोंबलेल्या माणसाला चावी फिरवायचं सुचू नये, याचं तिला नवल वाटलं. पण वय झालं म्हणून तिनं सोडून दिलं आणि दुसऱ्याच दिवशी मिस्त्रीला बोलावलं. एकेक जोड बघत बसायचं नाही, सगळ्या घराचेच पाइप बदलायचे.

मिस्त्री जाडजूड, तोंडाचा पट्टा कायम चालू असलेला. त्यानं पाइपाचा एक तुकडा कापला आणि तिच्यासमोर धरला. आत गंजाचे थर चढून चढून मधे जेमतेम बोरूएवढं भोक उरलं होतं.

"ताई, यातून पाणी येत होतं हेच नवल. तुम्ही इतकी वर्षं नुसत्या आशेवर आंघोळ करत होता."

वडील खुर्चीत बसून ऐकत होते. त्यांनी विचारलं, "नवा पाइप त्याच जागी बसेल ना?"

"बसेल की, बाबा. क्लॅम्पची भोकं तयार आहेत. माझंही काम वाचेल."

"त्या जागी नको," ती म्हणाली. "छताला लागून, दारांच्या वरून न्या. बोळाची भिंत एकदाची मोकळी दिसू दे. मग रंग काढून घेऊ."

"मोकळी भिंत घेऊन काय करायचंय?" वडील म्हणाले.

"चार पाहुणे आले तर बरं दिसतं."

"आपल्याकडे कुठले पाहुणे येतात?"

"ते पाइप बघूनच येत नसतील, बाबा."

मिस्त्री मोठ्यानं हसला. वडील हसले नाहीत. म्हणाले, "बाकीचं घर तुला हवं तसं कर. बोळातला तेवढा राहू दे."

"गंजक्या लोखंडावर कसला एवढा जीव तुमचा?"

एरवी हा माणूस साध्या खिळ्यावरून तासभर वाद घालणारा. त्या दिवशी गप्प झाला. तिला वाटलं, चला, कधी नव्हे ते आपलं ऐकलं.

काम पार पडलं. प्लास्टिकचे नवे पाइप दारांच्या वरून सरळ रेषेत गेले, नळांना धो धो पाणी आलं. जुनं लोखंड भंगारवाला हातगाडीवर घालून घेऊन गेला. घरात पाइप चिकटवायच्या सोल्यूशनचा वास तेवढा रेंगाळत राहिला. रंगारी पुढच्या आठवड्यात येणार होता.

वडिलांचं मात्र बिनसलं. न्हाणीघरात जायला वेळ लावू लागले. एकदा त्यांचा सदरा भिजलेला दिसला तेव्हा ती म्हणाली, "नवा नळ आहे, बाबा, जोरात येतो. जरा बघून सोडत जा." ते बरं म्हणाले. पाणी कमी प्यायला लागले, तेही तिच्या लक्षात आलं. पण लक्षात येणं वेगळं आणि कळणं वेगळं.

मग एका संध्याकाळी ती घरी आली तर बोळाच्या कोपऱ्यात, नव्या पाइपाच्या वळणाच्या बरोबर खाली, पाणी साचलेलं. तिचं डोकंच फिरलं. चप्पलही न काढता तिनं मिस्त्रीला फोन लावला. तो जवळच्याच कामावर होता. आला तेव्हा ती दारातच उभी होती.

"नवं काम आणि आठवड्याच्या आत गळती? याला काम म्हणतात?"

"बघतो ना ताई. आधी बघू तर द्या."

तो शिडीवर चढला. एकेक जोडावरून बोट फिरवत गेला, बोट निरखून बघितलं. उतरला, त्या साचलेल्या पाण्याशी उकिडवा बसला, वाकला. त्यानं एकदा वडिलांच्या खोलीकडे पाहिलं. ते दाराशी खुर्चीत बसले होते, मान खाली, दोन्ही हात गुडघ्यांवर.

"माझाच जोड कच्चा राहिला असेल," मिस्त्री मोठ्यानं म्हणाला. "परत सोल्यूशन लावतो. फडकं द्या, ताई, मीच पुसून घेतो."

"तुम्ही कशाला पुसता? आणि पाइप तर वरून कोरडा दिसतोय. भिंतीवर ओघळ कुठाय?"

"फडकं द्या," तो पुन्हा म्हणाला, या वेळी हळू.

त्यानं पुसलं. न्हाणीघरात जाऊन फडकं धुतलं, स्वतःचे हातही साबणानं धुतले, आणि कोरड्याच जोडाला पुन्हा सोल्यूशन लावून, नजर चुकवून निघून गेला.

ती तिथंच उभी राहिली. ओघळ नव्हता. वर जोड कोरडा, खाली ओल. सोल्यूशनचा वास हळूहळू विरला आणि त्याखालचा लघवीचा वास तिला आला.

तिनं दिवा लावला आणि पहिल्यांदाच ती भिंत नीट पाहिली. क्लॅम्पच्या भोकांच्या थोडं वर एक मळकट पट्टा होता. वडिलांच्या खोलीच्या चौकटीपासून निघालेला, सबंध बोळभर, न्हाणीघराच्या दारापाशी संपलेला. पाइपामुळे आलेली ओल म्हणून तिनं तो आजवर सोडून दिला होता. पण पाइप घरभर होते आणि पट्टा फक्त इथंच. तिनं हात तिथं टेकवला. पट्टा बरोबर हाताची बोटं घासत जातील एवढा रुंद होता.

पुढे तिनं जे केलं ते तिला आजही खुपतं. कारण ती सरळ जाऊन विचारू शकली असती. पण सवय वाईट. लबाड गिऱ्हाईक पकडायची एक युक्ती तिला ठाऊक होती, ती तिनं बापावर वापरली. पिशवीत दुरुस्तीला आलेली एक रिकामी फ्रेम होती. ती घेऊन ती त्यांच्यासमोर बसली.

"बाबा, तुमच्यासाठी नवा चष्मा आणलाय. लावून बघा."

त्यांनी हात पुढे केला, थोडा बाजूला, आणि मग चष्म्यापर्यंत आणला. लावला. तिच्या दिशेनं मान वळवून म्हणाले, "वा. पहिल्यापेक्षा बरंच स्वच्छ दिसतंय."

ती म्हणाली, "बाबा, त्यात काच नाही."

चष्मा काढून त्यांनी रिकाम्या खोबणीतून बोट फिरवलं.

"तरी म्हटलं, इतका हलका कसा," ते म्हणाले.

"गेल्या वर्षी मी दुकानात तुमचा नंबर काढला होता. तुम्ही खालच्या ओळीपर्यंत वाचलंत."

"कारखाना सुटल्यावर रोज दुपारी तुझ्या दुकानात येऊन बसायचो की नाही? दिवसभर लोक तेच तर वाचतात. ग, न, प, ट. मला झोपेतही म्हणता येईल."

"आणि मी मालकाला सांगत सुटले, माझ्या वडिलांची नजर बघा म्हणून."

"ते ऐकून बरं वाटलं होतं," वडील म्हणाले.

"सांगितलं का नाहीत?"

"तू नोकरी सोडली असतीस. आईच्या आजारपणात सोडलीस, तेव्हा परत घेताना मालकानं तुला किती नाचवलं, ते मी पाहिलंय. तेव्हा दिसत होतं मला." मग म्हणाले, "मला काही अडत नव्हतं गं. खोलीतून निघालं की पाइप. पाइप संपला की न्हाणीघर. पाणी आलेलंही हाताला कळायचं, गार लागायचं."

खरंच, रोज सकाळी "पाणी आलं गं" अशी हाक तेच मारायचे. नळ सोडायच्या आधीच त्यांना कसं कळतं, हे तिनं कधी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिनं रजा टाकली आणि त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि सांगितलं, आतला दाब वाढून नस वाळली आहे. गेलेलं परत येणार नाही, उजेड-अंधार तेवढा कळतो, तो टिकवायला थेंब देते. "वर्षभरापूर्वी आणलं असतंत तर थोडं राखता आलं असतं," त्या म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात दोष देण्याचा सूर नव्हता. असता तर तिला सोपं गेलं असतं. फोनवर भाऊ म्हणाला, "अगं ताई, तू तर जगाचे डोळे तपासतेस." त्यालाही लगेच बोलल्याचं वाईट वाटलं असावं, कारण पुढे तो उगाच मुलांच्या परीक्षेबद्दल बोलत बसला.

दवाखान्यातून वडिलांना घरी सोडून ती तडक भंगारवाल्याकडे गेली. तो झोपडीवजा कचेरीसमोर पत्र्याचे डबे चेपत होता.

"आमच्या घरचे पाइप हवेत परत."

"बाई, लोखंड एकदा ढिगात गेलं की ते कुणाच्या घरचं राहत नाही. तो बघा ढीग. ओळखा आणि घेऊन जा."

ढिगात पाइपच पाइप, सगळे सारखे तांबडे. ती एकेक ओढून बघत होती. डोळ्यांनी काही जमेना. मग तिनं डोळे मिटले आणि हातानं चाचपायला लागली. खरखरीत, खरखरीत, आणि एकदम एका पाइपाची एक कड गुळगुळीत लागली, जिन्याच्या कठड्यासारखी. त्या कडेवरून ती हात पुढे पुढे नेत राहिली. भंगारवाल्यानं डबे चेपणं थांबवलं. "लागलं का काही, बाई?" तो म्हणाला. तिनं नकारार्थी मान हलवली आणि तो पाइप बाहेर ओढला.

मिस्त्रीनं पाइप त्याच भोकांवर बसवला. एकही प्रश्न विचारला नाही. फक्त दोन्ही टोकांना टोप्या बसवताना म्हणाला, "इतकी वर्षं धंदा करतोय, गळणार नाही याची खात्री असलेला हा पहिलाच."

वडील खोलीतून निघाले. हात पाइपावर पडला, पाठ ताठ झाली. न्हाणीघराच्या दारापर्यंत न थांबता गेले आणि तिथं उभे राहिले.

"गार लागत नाही," ते म्हणाले.

"यात पाणी नाही, बाबा. पाणी वरून जातं."

"मग पाणी आलं ते मला कसं कळायचं?"

आता सकाळी तीच हाक मारते, "बाबा, पाणी आलं." ते आतून "बरं" म्हणतात.

नोकरी तिनं सोडली नाही. सोडली तर वडिलांनी इतकं झाकलं ते फुकट जाईल. पण दुकानात एक गोष्ट बदलली. ती लोकांना ओळ उलटी वाचायला लावते, उजवीकडून डावीकडे, मधूनच वरची, मधूनच खालची. गिऱ्हाइकं वैतागतात. मालक म्हणतो, "चष्मेबाई, नंबर काढताय की मुलाखत घेताय?"

परवा एक म्हातारे गृहस्थ लेकीबरोबर आले. स्टुलावर बसले आणि सगळा तक्ता घडाघडा म्हणून दाखवला. लेक कौतुकानं हसली. चष्मेबाईनं तक्ता उतरवून फिरवला, मागच्या कोऱ्या बाजूनं लावला आणि म्हणाली, "काका, आता हा वाचा."

काका पहिल्या अक्षरापासून वाचू लागले. लेकीचं हसू तसंच राहिलं. चष्मेबाईनं काकांचं वाचून होईपर्यंत वाट पाहिली, मध्ये तोडलं नाही. मग तिनं लेकीसाठी दुसरं स्टूल ओढून पुढे केलं.