सूपभर कोंड्याचा सौदा

अंदरसूलची चंद्रभागा येवल्यात नांदायला आली ती बडबड घेऊनच. नवरा नाथा पैठणीच्या मागावर विणायला बसायचा, ती रहाटावर रेशमाच्या कांड्या भरायची. नाथा म्हणायचा, "रेशीम तुटंल, पण हिची जीभ नाय तुटायची."

पहिली दोन लेकरं बाळसं धरता धरता गेली. तिसरं सन चौतीसच्या सुमाराचं. मोठं हसरं. रहाटाशेजारी टाकलेल्या गोधडीवरून ते हुंकार द्यायचं. "हो का रे माझ्या राजा?" ती म्हणायची, की ते पाय झाडायचं.

मग त्याला ताप आला. सासू चतुराबाई घाबरली. शेजारच्या खुर्शीदाला तिनं पोर सूपभर कोंड्यावर विकलं, रीतीपुरतं. नाव पडलं कोंडाजी. नजर लावणाऱ्याला वाटावं, ह्याची इथं कुणाला किंमत नाही.

"पाज, न्हाऊ घाल," ती सुनेला म्हणाली, "पण जावळ होईस्तोर हसून बघायचं नाय. बोलायचं नाय. पहिल्या दोघांवर माया ओतलीस, काय झालं?"

त्या शेवटच्या बोलानं चंद्रभागा मुकी झाली.

सकाळी कोंडाजी हसला. तिनं नजर धाग्यावरून काढली नाही. त्यानं हुंकार दिला, थांबला, पुन्हा दिला. हातपाय आपटले. मग जी किंकाळी फोडली, ती ऐकून तिच्या चोळीत दूध उतरलं. तिनं उचलून पाजलं. पिता पिता तो तोंड वर करून बघायचा, दगडासारखा चेहरा दिसला की स्तन सोडून रडायचा.

ताप उतरला. हळूहळू रडणंही थांबलं.

"बघ, कसा गुणाचा झालाय," चतुराबाई म्हणाली.

"गुणाचा कशाचा, मावशी! रुसलाय बच्चा," खुर्शीदा म्हणाली. "मी इकत घेतलाय ना? माझ्या मालाचे हाल करू नका. हस गं चंद्रा."

"अन् ह्याला काय झालं म्हंजे, खुर्शीदाबी?" चंद्रभागेनं विचारलं.

खुर्शीदा पदर सावरत घराकडं वळली.

जावळ झालं त्या दिवशी चंद्रभागेनं मुंडण केलेलं डोकं छातीशी धरलं. मग समोर बसवून हसली. गालांची सवय मोडलेली, ते दुखले. "राजा? अरे, बोल की माझ्याशी."

कोंडाजीनं तिच्याकडं पाहिलं, पाहुण्याकडं बघावं तसं. मान वळवली. त्याची नजर बंद रहाटावर जाऊन थांबली.

तिनं हात लांबवून चाकाला गती दिली.

कोंडाजी हसला, चाकाकडं बघून. ती फिरवत राहिली.