दत्तूदादाच्या भोपळ्याचे खरे धनी

दत्तूदादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी बदलापूरच्या घरी मुलीच्या लग्नाचे फोटो बघत बसलो होतो. "चहा घेतला, नि बसल्या जागीच…" एवढंच वहिनी बोलली. मला रडू आलं नाही, आधी लाज वाटली. त्याच्या बाबतीत केलेली एक चूक निस्तरायचं मी रोज उद्यावर ढकलत होतो.

दत्तूदादा माझा मोरिवलीचा चुलतभाऊ. अंबरनाथच्या कारखान्यातली नोकरी सांभाळून त्याने बेंजो पार्टी चालवली. आमच्या आगरी हळदीत तो वाजवायला बसला की म्हाताऱ्यासुद्धा पदर खोचून नाचायच्या. पण गाणं कुणी रचलं हे माइकवर सांगितल्याशिवाय तो बटणाला बोट लावत नसे. "ज्याचा गाना त्याचा नाव पहिला," म्हणायचा. मी त्याला कीर्तनकार म्हणून चिडवायचो.

निवृत्तीनंतर मोबाइलवर त्याला अमेरिकेतली एक कृष्णवर्णीय आजी सापडली, भोपळ्याचा बँजो वाजवणारी. आपल्या बटणांच्या बेंजोने नाव घेतलं ते ह्याच वाद्याचं. "ह्या ठेक्याव आपल्या बायका नाचतील बघ!" मग त्याने झपाटल्यासारखं शोधून काढलं… आफ्रिकेतून गुलाम करून नेलेल्या माणसांनी तिथे भोपळ्यावर कातडं ताणून हे वाद्य घडवलं, पुढे गोऱ्यांनी ते उचललं आणि घडवणाऱ्यांचं नाव मागे पडलं. दादाचा जीव त्या नावापाशीच अडकला. त्याने परसातला भोपळा वाळवला, बोकडाचं कातडं ताणलं, तारा चढवल्या. माझ्या मुलीच्या हळदीत तो हे पहिल्यांदा लोकांसमोर वाजवणार होता. माइक माझ्याकडे, म्हणून काय सांगायचं ते त्याने मला पढवून ठेवलं होतं.

आणि मी… मांडव रंगात आलेला, माइक हातात असला की मला चेव येतो. "आता ऐका, अमेरिकेच्या गोऱ्या काउबॉयचं वाद्य!" शिट्ट्या पडल्या. दादाने माझ्याकडे बघितलं, हसला आणि वाजवायला लागला. पुतणीच्या हळदीत त्याने मला खोटं पाडलं नाही. निघताना फक्त म्हणाला, "पुढच्या टायमाला नीट सांग रं."

पुढची वेळ आली नाही. ते वाद्य वाजवतानाचा त्याचा व्हिडिओ तेवढा एकच, त्या हळदीतला. वहिनी तो येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवते, आणि दर वेळी आधी माझा आवाज येतो. परवा मी म्हटलं, "वहिनी, माझं वाक्य कापून देतो." तिने फोन छातीशी धरला.

"नको. तू बोललास तवाच ते हसलेत. त्यांचा हसना जाईल."

वाक्य तसंच आहे. आता कुणी बघायला बसलं की मी शेजारी बसतो आणि घाईघाईने सांगू लागतो, हे गोऱ्यांचं नाही हो, हे त्या काळ्या माणसांचं… पण दादाचं हसू आणि पहिली तार यांच्यात फार थोडा वेळ आहे. माझं सांगून होत नाही, तोवर तो वाजवायला लागलेला असतो.