शपथवाले आप्पा

शपथ घ्यायची म्हटली की आमच्या आप्पांना ना जागा लागायची, ना मुहूर्त. मी सोलापूरच्या शाळेत रुजू झालो त्या पहिल्याच सकाळी मस्टरवर सही करून वळलो, तर खाकी कपड्यातला एक उंच, किंचित वाकलेला माणूस समोर उभा. त्याने माझ्या तळहातावर एक मळकी कापडी पिशवी आणि चुन्याची डबी ठेवली.

"सर, तुमी नवीन हाय. तुमच्या हाताला यश असंल. ही ठेवून घ्या. आजपासनं तंबाखू बंद म्हंजे बंद. सिद्धरामेश्वराची आण हाय."

मी भारावून गेलो. नोकरीच्या पहिल्या दिवशी एका माणसाचं आयुष्य बदलायचं भाग्य कुणाला मिळतं? पिशवी मी जपून ड्रॉवरमध्ये ठेवली. चौथ्या तासाला नववीला अक्षांश-रेखांश शिकवत होतो, तेव्हा वर्गाच्या दाराशी कुणीतरी खाकरलं.

"सर, ते सकाळचं ठेवलेलं जरा द्या की."

मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत सगळे माझ्याकडे बघून हसत होते. शाळेत नवीन येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात ती पिशवी एकदा पडायचीच. गणिताच्या सरांच्या कपाटात ती सलग दोन दिवस राहिली होती, आणि तो शाळेचा विक्रम होता.

आप्पा आमचे शिपाई. गाव मैंदर्गी. घरात कन्नड, शाळेत मराठी आणि पोरांना दटावायला कामापुरती तेलुगू. मस्टरवर त्यांचं नाव शिवलिंगप्पा असं होतं, पण ते पगारापुरतं. पोरांपासून पालकांपर्यंत सगळे त्यांना 'शपथवाले आप्पा' म्हणत, आणि त्यांनाही त्याचं काही वाटत नसे. "नाव पडलंय म्हंजे काम दिसलंय," असं ते म्हणायचे.

एक गोष्ट मात्र त्यांच्याकडून कधी चुकली नाही. शाळेची घंटा. पटांगणातल्या कडुलिंबाला रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा टांगलेला होता, त्यावर ते लोखंडी गजाने टोले द्यायचे. अंगात ताप असो, वरच्या मजल्यावर पाण्याचे माठ भरत असोत, तास संपायला अर्धं मिनिट राहिलं की ते झाडाखाली हजर. इलेक्ट्रिक घंटा बसवू या असं मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, एकदा सुचवलं. आप्पांनी दोन दिवस त्यांना चहा नेऊन दिला नाही. विषय मिटला.

तंबाखूच्या बाबतीत मात्र सगळा आनंद होता. त्यांनी गड्ड्याच्या यात्रेत सिद्धेश्वराच्या देवळात शपथ घेतली होती, अक्कलकोटला घेतली होती, थोरल्या लेकीच्या लग्नात अक्षता हातात असताना घेतली होती. बायकोच्या, काशीबाईंच्या, डोक्यावर हात ठेवून तर इतक्यांदा घेतली की शेवटी त्या म्हणाल्या, "आता हात ठेवू नका. आधीच केस गळाया लागल्यात." पुण्यातल्या मुलाने सांगितलं, सोडलीत तर नवा मोबाईल देतो. मग वडिलांचा उत्साह वाढावा म्हणून त्याने तो आधीच पाठवला. "मोबाईल बी आला, तंबाखू बी ऱ्हायली," आप्पा मला तो मोबाईल दाखवत म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर अपराधीपणा होता, पण मोबाईल फारच छान होता.

या सगळ्यावर कळस झाला तो एका सव्वीस जानेवारीला. शाळा तंबाखूमुक्त करायची होती. झेंडावंदन झाल्यावर मोठ्या बाईंनी आप्पांना व्यासपीठावर बोलावलं, हार घातला आणि हातात माईक दिला. सातशे पोरांसमोर आप्पांनी खणखणीत आवाजात शपथ घेतली. टाळ्या थांबेनात. फोटो निघाला, सूचनाफलकावर लागला.

पुढच्या मंगळवारी सातवीतल्या पोरींनी त्यांना पाण्याच्या टाकीमागे पाहिलं. त्या काही बोलल्या नाहीत, नुसत्या बघत राहिल्या. आप्पांनी तोंडातला बार थुंकला आणि तिथून निघून गेले. त्या दिवशी शेवटच्या घंटेनंतर सूचनाफलकावरचा फोटो नाहीसा झाला. कुणी काढला हे कुणी विचारलं नाही. मला आठवतं, बरेच दिवस ते मुलांच्या वर्गात सूचनेची वही घेऊन जाताना मान वर करत नसत. लोक हसत होते तोवर त्यांनाही हसायला येत होतं. त्या पोरी हसल्या असत्या तर बरं झालं असतं, असं ते मला म्हणाले.

त्याच वर्षी शाळेत दातांचं शिबिर झालं. डॉक्टर मुलगी तरुण होती. पोरांचं तपासून झाल्यावर तिने आप्पांनाही खुर्चीत बसवलं. "काका, तोंड उघडून तीन बोटं उभी घाला." आप्पांची दोनच बोटं गेली. गालाच्या आतला पांढरट चट्टा तिने आरशात दाखवला, आणि आवाज न चढवता, हे कुठे जाऊ शकतं ते सांगितलं. सिव्हिलमध्ये तपासून घ्या म्हणाली. मी सोबत गेलो. सुदैवाने वेळ गेलेली नव्हती, पण सोडणं भाग होतं. घाबरून आप्पांनी अकरा दिवस तंबाखूला हात लावला नाही. बाराव्या दिवशी ते कडुलिंबाखाली बसून मळताना दिसले. मी काही बोलायच्या आत तेच म्हणाले, "भीती बी शिळी होती, सर. पयल्यांदा लई कडक असती. मग मऊ पडती."

मे महिना आला. सोलापूरचा मे, दुपारी पटांगणाकडे बघवत नाही. शाळेला सुट्टी, पण निकालाच्या कामासाठी मी यायचो आणि दारं उघडायला आप्पा. त्या दिवशी मी माझ्या कपाटाच्या दाराला आतून एक वेळापत्रक चिकटवत होतो. चार रंगांच्या शाईत, पट्टीने आखलेलं. दर वर्षी मी ते करायचो आणि दर वर्षी ते आठ-दहा दिवस चालायचं. स्पर्धा परीक्षा द्यायची, साहेब व्हायचं. जेऊरला शेती बघणाऱ्या माझ्या थोरल्या भावाचं ते स्वप्न होतं. दर रविवारी त्याचा फोन यायचा, "कुठवर आलं?"

आप्पा दारातून बघत उभे होते. हातावर तंबाखू मळणं चालू होतं.

"लई देखणं झालंय, सर. कुणासाठी केलंय?"

"कुणासाठी म्हणजे? माझ्यासाठीच की."

"तुमाला साहेब व्हायचंय व्हय?"

"दादाला वाटतं, मी व्हावं."

"तेच इचारत हुतो," आप्पा म्हणाले.

मला राग आला. उन्हाचा होता, वेळापत्रकाचा होता आणि खरं ऐकल्याचा तर होताच. "आप्पा, तुम्ही मला सांगताय? तुमच्या शपथांचं काय झालं आजवर?"

ते हसले. त्यांना राग यायचाच नाही, आणि त्यामुळे मीच ओशाळलो. जरा नरमून म्हणालो, "बरं, एक सांगा. घंटा कधी तुमची चुकली नाही. तिच्यासाठी कुणाची आण घेतली होती?"

"घंटेला आण कशाला? घंटा माझी हाय की."

एवढं बोलले आणि तळहातावर फिरणारा त्यांचा अंगठा थांबला.

"आनि तोंड?" ते स्वतःशीच म्हणाले. "तोंड बी माझंच हाय की ओ. पण मी ते आजवर वाटत बसलो. देवाला दिलं, काशीला दिलं, मोठ्या बाईंना दिलं. मोडलं की त्यांचं मोडायचं. माझं काय जायचं?"

आता हे शपथ घेणार, अशी माझी खात्री झाली. मी हात पुढे करायच्या तयारीत होतो. आप्पांनी मळलेली चिमूट शांतपणे ओठात सारली आणि माठ भरायला निघून गेले.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. पावसाळा आला, अर्धा सरला. आपापल्या कामांत कुणाचं कुणाकडे लक्ष नव्हतं. मग ऑगस्टमध्ये एक दिवस काशीबाई शाळेत आल्या. डोक्यावर पदर, चेहरा काळजीने उतरलेला. मला व्हरांड्यात गाठून हळू आवाजात म्हणाल्या, "सर, हितं शाळेत काय झालंय का? ह्यांची तब्येत मला बरी दिसंना."

"का हो? चांगले तर आहेत."

"दोन महिनं झालं, शपथच घेत न्हाईत."

त्या पुढे सांगत होत्या की घरात आता खिसे शेंगांनी भरलेले असतात, चुन्याची डबी घट्ट वाळून गेलीय, आणि विचारलं तर 'साकु' म्हणून उठून जातात. साकु म्हणजे पुरे. "आजारी माणूसच असं गप ऱ्हातंय की, सर." मला हसू आवरेना आणि डोळ्यांतही पाणी आलं. त्यांना खुर्चीवर बसवून मी सांगितलं, "काशीबाई, तुमच्या मालकांनी तंबाखू सोडलीय." त्यांचा विश्वास बसला नाही. विश्वास बसावा असा पूर्वीचा काही अनुभवच नव्हता.

दुपारी मी आप्पांना पकडलं. आधी ते टाळत होते, मग झाडाखाली बसले. खिशातून शेंगा काढून फोडत त्यांनी सांगितलं, "जन्मभराचं मी बघतच न्हाय, सर. जन्मभर लई लांब हाय. एका घंटेपासनं दुसऱ्या घंटेपत्तर, पस्तीस मिंटं. टोल दिला की मीच मला इचारतो, पुढच्या तासाला काय करायचं? मीच सांगतो, न्हाय खायचं. दिवसात आठ डाव इचारायचं."

"आणि रविवारी?"

"रविवार लई वंगाळ जातो," ते कळवळून म्हणाले. "घंटाच न्हाय."

पिशवी मात्र अजून त्यांच्या खिशातच होती, भरलेली. मी म्हटलं, फेकून का देत नाही? "फेकून काय हुतंय? टपरी कुटं लांब हाय? ती असू द्या. ती हाय, आनि मी खात न्हाय. मला रोज एवढं कळलं म्हंजे बास."

बातमी मोठ्या बाईंपर्यंत गेलीच. त्यांना आनंद झाला आणि पंधरा ऑगस्टला सत्कार करायचं त्यांनी ठरवलं. आप्पा त्यांच्या टेबलापुढे हात जोडून उभे राहिले. "नको, बाई. तुमी हार घातला की मग ते तुमचं हुतंय. मग मी ते तुमाला दाखवाया करणार. अजून कवळं हाय, असू द्या माझ्यापाशी." बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "बरं आप्पा, मला काही माहीतच नाही." आणि खरोखरच त्यांनी तो विषय पुन्हा कधी काढला नाही. चांगल्या बाई होत्या.

दिवाळीनंतर आप्पा मैंदर्गीला पुतण्याच्या लग्नाला गेले आणि तिथे घसरले. परत आल्यावर मला स्वतःहून सांगितलं, काल काय भाजी होती हे सांगावं तसं. "लग्नात खाल्ली. दोन दिवस खाल्ली. आज पयल्या घंटेपासनं बंद." पूर्वी एकदा मोडलं की पुढच्या सणापर्यंत मोकळीक असायची. या वेळी रडगाणं नव्हतं, देव नव्हता, कुणाच्या डोक्यावर हात नव्हता. त्यानंतर माझ्या माहितीत तरी त्यांनी तंबाखू खाल्ली नाही.

माझ्या कपाटातलं वेळापत्रक मात्र मला रोज आप्पांचा तोच प्रश्न विचारत होतं, कुणासाठी? उत्तर द्यायला मला आठ महिने लागले. संक्रांतीला जेऊरला गेलो तेव्हा बांधावर बसून दादाला सांगितलं, "मला साहेब व्हायचं नाही. मला भूगोलच शिकवायचाय." तो दिवसभर बोलला नाही. दुसऱ्या दिवशी स्टेशनवर सोडायला आला आणि गाडी हलताना म्हणाला, "आधी सांगितलं असतंस तर एवढे फोन तरी वाचले असते." परत आल्यावर मी व्हरांड्यात एक तापमापक टांगला आणि रोज दुपारी अडीचला एका वहीत आकडा लिहायला लागलो. कुणी सांगितलं नव्हतं, कुणाला दाखवायचा नव्हता. चौथी वही चालू आहे. मधे मधे दिवस बुडतात. बुडाले की तिथे रेघ मारतो आणि आजचा आकडा लिहितो.

दोन वर्षांपूर्वी आप्पा निवृत्त झाले. समारंभात त्यांनी भाषण केलं नाही, फक्त सगळ्या वर्गांत एकदा फिरून आले. ते मैंदर्गीला राहायला निघाले तेव्हा एसटी स्टँडवर मी पोचवायला गेलो होतो. सामान मला उचलू दिलं नाही. काशीबाईंना खिडकीजवळ बसवून ते शेजारी बसले आणि बस सुटायच्या आत मागच्या सीटवरच्या माणसाशी त्यांचं कन्नडमध्ये बोलणं सुरूही झालं. हात हलवायचं त्यांच्या लक्षातच राहिलं नाही. मी बराच वेळ तिथे उभा होतो.

परवा त्यांचा फोन आला. आवाज तसाच खणखणीत. तब्येत बरी, डॉक्टरकडे वेळच्या वेळी जातात, काशीबाई मजेत. मी विचारलं, दिवसभर करता काय?

"घरामागं जरा जागा मोकळी हुती, सर. रोज सकाळी थोडं थोडं करतोय."

"काय लावलंय?"

पलीकडून नुसतं हसणं ऐकू आलं. मग म्हणाले, "अजून काशीला बी सांगितलं न्हाय. उगवलं की या बघाया."