आषाढातलं भाडं

हिवाळ्यात आमच्याकडे गाडीचं भाडं माल पोचल्यावर मिळे, पावसाळ्यात आधी. तेही गाडीवानाला नाही, त्याच्या बायकोच्या हातात. तिनं घेतल्याशिवाय बैल हलवायचे नाहीत, अशी रीत. मूल गावच्या स्टेशनवर उतरलेलं मीठ सिरोंच्याला न्यायचं. हिवाळ्यात वाट कोरडी, येताना बांबूही भरून मिळत. म्हणून दर कमी. आषाढात नाले फुगलेले, परतीला गाडी रिकामी, दर दुप्पट. लोक त्याला कमाईचे दिवस म्हणत. म्हणोत बापडे! व्यापाऱ्याचा दिवाणजी पैसे घेऊन दारात दिसला की मी आत चुलीपाशी जाऊन बसे. माणूस परत आला नाही तर बायको उघड्यावर पडू नये, म्हणून ते पैसे आधी देत.

लग्नानंतरच्या पहिल्या आषाढात मी ते घेतले. नवी सून, नाही कशी म्हणणार? मग पाऊस लागला तो थांबेचना. बरोबरच्या गाड्या आष्टीला नदीच्या घाटावरून मागे फिरल्या. आमची एकटीच पुढे गेली होती. घरातले तांदूळ संपले. सासूबाई म्हणाल्या, "पोरी, ते पैसे काहाड ना. काऊन बांधून ठेवून राह्यली?" मी पदराची गाठ मुठीत धरून बसले. ते खर्चले तर नवरा विकून खाल्ल्यासारखं होईल, असं वाटे. आंबिलीवर दिवस काढले. फाटक वाजलं की दाराशी धावे.

श्रावणात ते आले, पायी. हातात नुसता कासरा. जंगलातल्या नाल्याला अचानक लोंढा आला आणि गाडी, बैल, मीठ सगळं गेलं. ते ओट्यावर बसून रडले. मी मात्र त्यांना पाहून वेड्यासारखी हसत होते.

पुढच्या वर्षी कशीबशी दुसरी गाडी न् बैलजोडी जमवली. आषाढात दिवाणजी हजर.

"तिकडं मीठच नाई, बाई. यंदा दर अजून वाढला. घ्या."

मी दोन्ही हात पाठीमागे नेले.

"हात पुढं कर," हे म्हणाले. गाडी जुंपलेली होती, गाव बघत होतं.

"मी घेत नाई."

तेवढ्यात सासूबाई बाहेर आल्या. आता त्या हात पुढे करतील, या धास्तीनं मी डोळे मिटले. उघडले तेव्हा त्या बैलांच्या माना जुवातून सोडवत होत्या.